नागपंचमी विशेष : वैर थांबवतो, त्यालाच पृथ्वी पेलते

🙏 ॥ श्री सद्गुरवे नमः ॥ 🙏



श्रावण आला. पेडणे-डिचोलीकडची शेतं हिरवीगार झाली आहेत. इकडे वास्कोत श्री दामोदराच्या भजनी सप्ताहाचे वेध लागलेत. आणि त्याच्या आधी येते ती नागपंचमी. त्या दिवशी घराघरांत हळदीच्या पानांचा वास सुटेल, पातोळ्या वाफेवर चढतील, पाटावर नाग काढला जाईल, दूर्वा-फुलं वाहिली जातील. मग ताट वाढलं जाईल आणि सण झाला असं आपण म्हणू.

पण सण खरंच झाला का? सत्संगात दरवर्षी कोणी ना कोणी विचारतं, "ज्याला बघून आपण घाबरून पळतो, त्यालाच हात जोडायचे, हे कसं काय?" प्रश्न साधा आहे, पण उत्तर आपल्या प्रत्येकाच्या घरापर्यंत येऊन पोचतं. म्हणून आज त्यावरच चार शब्द.

*नागकुळाची मूळ गोष्ट ही भाऊबंदकीची गोष्ट आहे*

महाभारताचं आदिपर्व बघा. कश्यप ऋषींच्या दोन बायका, कद्रू आणि विनता. दोघी सख्ख्या बहिणी. कद्रूचे पुत्र म्हणजे सगळे नाग, आणि विनतेचा पुत्र म्हणजे गरुड. म्हणजे नाग आणि गरुड ही बाहेरची दोन कुळं नव्हेत, ती एकाच बापाची लेकरं.

वैराला निमित्त काय झालं? उच्चैःश्रवा घोड्याची शेपटी काळी की पांढरी, एवढंच! दोघी बहिणींनी पैज लावली, हरेल तिने दुसरीची दासी व्हायचं. घोडा होता पांढराशुभ्र. कद्रूने आपल्या मुलांना सांगितलं, तुम्ही शेपटीला चिकटून बसा, म्हणजे ती काळी दिसेल. ज्या मुलांनी ह्या लबाडीला नकार दिला, त्यांना तिने स्वतःच्या तोंडाने शाप दिला की तुम्ही जनमेजयाच्या यज्ञात जळून मराल. आईने पोटच्या मुलांना शाप दिला, बहिणीला दासी केलं, सावत्र भाऊ सावत्र भावाचा जन्माचा शत्रू झाला. आणि कारण काय, तर घोड्याची शेपटी.

माउलींनो, हसू येतं ना? पण आपल्याकडची भांडणं आठवा. अंगणातला एक माड, सामाईक वाट, विहिरीचा पंप, आईचे दागिने, लग्नात मान कोणाला आधी दिला. दहा वर्षांनी कारण विचारलं तर सांगतानासुद्धा लाज वाटते. कारण लहान असतं, पण विष मात्र चढतच जातं.

*शेषाने काय केलं?*

ह्याच कद्रूचा थोरला मुलगा शेष. त्याने हे सगळं बघितलं. भाऊ मावशीचा आणि गरुडाचा द्वेष करतात, हे त्याला सहन होईना. त्याने भावांशी भांडण केलं नाही आणि गरुडाच्या बाजूने लढायलाही गेला नाही. तो त्या वैरातून बाजूला झाला आणि तप करू लागला. ब्रह्मदेव प्रसन्न झाले, वर माग म्हणाले. शेषाने राज्य मागितलं नाही. आपलं मन धर्मात, शांतीत आणि तपात रमावं एवढंच त्याने मागितलं.

तेव्हा ब्रह्मदेवांनी त्याला काम दिलं, ही डळमळणारी पृथ्वी तू धारण कर. आणि सोबतीला सखा म्हणून कोण दिला? गरुड! ज्याच्याशी सगळ्या भावांचं वैर, तोच शेषाचा मित्र झाला.

आता आपल्या देवघरातलं विष्णूचं चित्र डोळ्यांपुढे आणा. भगवंत पहुडले आहेत शेषावर आणि त्यांचं वाहन आहे गरुड. एकाच दारात दोन्ही सावत्र भाऊ सेवेला उभे. आपण रोज त्या चित्राला उदबत्ती ओवाळतो, पण त्यात एक मिटलेलं भांडण आहे हे आपल्या लक्षात येत नाही. सद्गुरू सांगतात ते हेच, की घराचा भार पेलण्याची ताकद कोणाला मिळते? जो जिंकतो त्याला नव्हे, जो वैरातून स्वतःला सोडवून घेतो त्याला. पृथ्वी अशाच डोक्यावर स्थिर राहते.

*वैर पिढ्या ओलांडतं*

बाकीच्यांचं काय झालं? अर्जुनाने खांडववन जाळलं. ते तक्षक नागाचं घर. तक्षक त्या वेळी तिथे नव्हता, त्याची पत्नी त्यात गेली. पुढे अर्जुनाचा नातू परीक्षित राजा झाला. शिकारीला गेला असताना ध्यानस्थ शमीक ऋषींनी उत्तर दिलं नाही म्हणून रागाच्या भरात त्याने मेलेला साप उचलून त्यांच्या गळ्यात टाकला. ऋषींच्या मुलाने शाप दिला, सातव्या दिवशी तक्षक डसेल. तसंच झालं. मग परीक्षिताचा मुलगा जनमेजय पेटून उठला आणि त्याने सर्पसत्र मांडलं. एका तक्षकाच्या दंशापायी सगळी नागजात आगीत पडू लागली.

मोजून बघा. अर्जुन, अभिमन्यू, परीक्षित, जनमेजय. पणजोबांच्या वेळचा जाळ पणतूच्या यज्ञकुंडात पुन्हा पेटला. आणि ह्याच यज्ञात वैशंपायनांनी जनमेजयाला महाभारत सांगितलं. म्हणजे समोर सूडाचा यज्ञ पेटलेला आणि कानावर पडतेय ती भावाभावांच्या नाशाची कथा. व्यासांनी जणू राजाला आरसाच दाखवला.

तो यज्ञ थांबवला कोणी? आस्तिकाने. वासुकीच्या बहिणीचा हा मुलगा, आई नागकन्या आणि वडील ऋषी. वयाने कोवळा. तो शस्त्र घेऊन आला नाही. यज्ञमंडपात येऊन त्याने राजाशी गोड शब्दांत बोलायला सुरुवात केली. राजा खूश झाला, वर माग म्हणाला. आस्तिक म्हणाला, हे सत्र थांबव. दुसरं काही माग, सोनं माग, गाई माग, असं राजाने परोपरीने सांगितलं. मुलगा हटला नाही. तक्षक वाचला, उरलेले नाग वाचले आणि राजाच्या हातून होणारं पुढचं पापही टळलं. परंपरेने सांगतात की तो दिवस श्रावण शुद्ध पंचमीचा.

म्हणजे नागपंचमी कसला सण आहे? पेटलेलं वैर थांबल्याचा सण आहे!

*आजीने सांगितलेली कहाणी*

आपल्या आज्या श्रावणात जी कहाणी सांगत, तिच्यातही हेच आहे. शेतकऱ्याचा नांगर वारुळावरून गेला, नागिणीची पिल्लं मेली. त्याला बिचाऱ्याला कळलंही नाही. नागीण चवताळली, रात्री येऊन घरच्या सगळ्यांना डसली. एक मुलगी सासरी होती, तिलाही संपवायचं म्हणून नागीण तिच्या गावी गेली. बघते तर काय, मुलीने पाटावर चंदनाने नाग काढलेले, दूध-लाह्यांचा नैवेद्य ठेवलेला, आणि ती डोळे मिटून हात जोडून बसलेली. नागिणीचा राग तिथल्या तिथे विरला. तिने मुलीला अमृत दिलं आणि तिचं माहेर पुन्हा उभं राहिलं.

ह्या कहाणीत दोघांचंही दुःख खरं आहे. नागिणीची पिल्लं खरोखर गेली, शेतकऱ्याने मुद्दाम मारली नाहीत हेही खरं. घरातल्या बहुतेक भांडणांत असंच असतं. दोघेही आपापल्या जागी दुखावलेले, आणि दोघांनाही वाटतं आपणच खरे. तिथे न्यायनिवाडा करत बसलो तर आयुष्य सरेल. कोणीतरी आधी हात जोडावे लागतात. म्हणूनच त्या दिवशी नांगरायचं नाही, खणायचं नाही, चिरायचं-कापायचं नाही. पातोळी वाफेवर शिजते ती त्यामुळेच. एक दिवस तरी आपल्या हातून कोणाला इजा होऊ नये, म्हणून हा नेम.

*आपल्या गोव्याची आई*

आपल्याकडे तर ही शिकवण गावोगावी मांडून ठेवलेली आहे. बांदिवड्याला श्री नागेश आहे, नागांचा ईश्वर म्हणजे महादेव. तिथला शिलालेख इ. स. १४१३ चा, म्हणजे सहाशे वर्षांहून जुना. पेडणे, डिचोली, सत्तरीच्या गावांत सातेरी आहे, आणि तिचं मूळ रूप म्हणजे वारूळ, आपण जिला रोयण म्हणतो ती. मुंग्या-वाळवीने कण कण जोडून उभं केलेलं घर, आणि त्यातच येऊन राहणारा नाग. आपल्या पूर्वजांनी त्या मातीलाच आई म्हटलं.

आणि शांतादुर्गा! मुळात ती केळशीची, म्हणजे आपल्याच मुरगाव तालुक्यातली. पोर्तुगिजांच्या काळात कवळ्याला नेली. तिची कथा आपल्याला ठाऊक आहे. शिव आणि विष्णू यांच्यात युद्ध जुंपलं, सृष्टीचा थरकाप झाला, तेव्हा आई मध्ये उभी राहिली. एकाला उजव्या हाताशी घेतलं, दुसऱ्याला डाव्या हाताशी, आणि दोघांना शांत केलं. देवीच्या दोन हातांत दोन साप असल्याचं सांगतात. त्यातला एक शिव आणि दुसरा विष्णू. तिने कोणालाही चिरडलं नाही, कोणाची बाजूही घेतली नाही. दोघांनाही घट्ट धरलं. दुर्गा होती, ती शांतादुर्गा झाली ती ह्या मध्ये उभं राहण्यामुळे.

*जगाच्या पाठीवर*

हे फक्त आपल्याकडे आहे असं समजू नका. ग्रीस देशाच्या क्रीट बेटावर क्नोसॉस नावाचं प्राचीन ठिकाण आहे. तिथे १९०३ साली उत्खननात लहान स्त्रीमूर्ती सापडल्या. त्या साडेतीन हजार वर्षांहून जुन्या आहेत. त्यातल्या एका मूर्तीच्या दोन पसरलेल्या हातांत दोन साप आहेत. फोटो बघितला तर आपलीच आई वाटावी!

ग्रीकांच्याच पुराणात देवांचा दूत हर्मीस. त्याला वाटेत दोन साप झुंजताना दिसले. त्याने मध्ये आपली काठी टाकली. दोघे शांत झाले आणि त्या काठीलाच वेटोळे घालून राहिले. पुढे तीच काठी निरोप्याची, म्हणजे तह घेऊन जाणाऱ्याची खूण झाली. त्यांचा वैद्यदेव अस्क्लेपियस, त्याच्या काठीला एकच साप. जागतिक आरोग्य संघटनेच्या चिन्हावर आजही तो आहे. ज्याच्याकडे विष, त्याच्याचकडे औषध.

बायबलमध्ये एदेन बागेत साप मोहात पाडतो. आपल्या ख्रिस्ती शेजाऱ्यांच्या घरी मारियेच्या पायाखाली साप दिसतो तो ह्या मोहाचा. पण त्याच बायबलमध्ये दुसरी गोष्ट आहे. रानात लोकांना साप डसू लागले, तेव्हा मोशेने पितळेचा साप करून खांबावर उंच लावला. जो त्याच्याकडे बघेल तो वाचेल. म्हणजे ज्याने दंश केला, त्याच्याकडे डोळे उघडून बघायची हिंमत हवी. तोंड फिरवून विष उतरत नाही.

जैन परंपरेत भगवान पार्श्वनाथांच्या मस्तकावर नागफणा असतो. त्यांच्या मागच्या जन्मांची कथा म्हणजे कमठ आणि मरुभूती ह्या दोन भावांची. कमठाने भावाचा जीव घेतला आणि जन्मोजन्मी त्याचा पाठलाग करत राहिला. मरुभूतीचा जीव मात्र क्षमा करत करत तीर्थंकरपदाला पोचला. भगवान बुद्ध ध्यानात असताना मुचलिंद नागाने आपला फणा धरून त्यांना पावसापासून जपलं. बघा, ज्याच्या मनात वैर नाही, त्याच्यावर नाग छत्र धरतो.

आणि वैर न थांबवणाऱ्यांचं काय होतं, ते उत्तर युरोपच्या जुन्या लोकांनी सांगून ठेवलंय. त्यांचा वज्रधारी देव थोर आणि पृथ्वीला वेढून बसलेला महासर्प यांची शेवटची लढाई होते. थोर त्याला मारतो. जिंकला! पण नऊ पावलं चालतो आणि त्याच्याच विषाने कोसळतो.

कोर्टात केस जिंकून घरी येणाऱ्या कितीतरी माणसांची ती नऊ पावलं आपण पाहिली आहेत. जमीन मिळते, पण चवथीला माटोळी बांधायला भाऊ नसतो.

*मग नुसतं सोसत राहायचं का?*

नाही. हे नीट समजून घ्या, कारण इथे पुष्कळांचा घोटाळा होतो. कृष्णाने कालियाला मारलं नाही, त्याच्या बायकांनी विनवल्यावर त्याला सोडलं. पण यमुनेत राहूही दिलं नाही. तू समुद्राकडे जा, असं सांगितलं. पाणी पुन्हा गोड झालं. म्हणजे सूड घ्यायचा नाही, पण जिथे कोणी सतत विष कालवतं तिथे अंतर ठेवायला हरकत नाही. घरात कोणाला मारहाण होत असेल, कोणाची फसवणूक होत असेल, तर आधी त्या माणसाला सुरक्षित करा. हक्काचं मागणं, कागद नीट करून घेणं, हेही पाप नव्हे. बहिणीचा वाटा तिला देणं तर धर्मच आहे. फक्त मनात फणा काढून ते करू नका. महादेवाच्या गळ्यात नाग आहे. तो तिथे शोभतो, कारण तो महादेवाच्या ताब्यात आहे. आपला राग आपल्या ताब्यात आहे की आपण रागाच्या, एवढंच तपासायचं.

सापाला वर्षातून अनेकदा कात टाकावी लागते. जुनी कात अंगाला धरून ठेवली तर त्याची वाढच होणार नाही. आपण मात्र वीस वर्षांपूर्वीचं बोलणं शब्दन्‌शब्द जपून ठेवतो. हा सण आपल्याला कात टाकायला सांगतो.

*ह्या नागपंचमीला एवढं करू या*

🌼 घरात कोणाशी बोलणं तुटलेलं असेल, कोणी कुटुंबाच्या ग्रुपमधून बाहेर पडला असेल, तर पूजेनंतर त्याला फोन करा. मेसेज नको, फोनच करा. "काय रे, कसा आहेस? चवथीला मूळ घरी येशील ना?" एवढंच विचारा. जुना हिशोब काढू नका. उत्तर तुटक आलं तरी राग धरू नका. आपला नेम आपण पाळला.

🌼 घरात जाऊ-जाऊ, सासू-सून, दीर-भावजय यांच्यात अबोला असेल, तर त्या दिवशी पातोळ्या एकत्र बसून करा. एकीने पानावर पीठ लावावं, दुसरीने चून भरावा. हात गुंतले की जीभ मऊ होते.

🌼 दोघांच्या भांडणात आपण तिसरे असू, तर आगीत तेल ओतू नका. इकडचं तिकडे सांगू नका. आस्तिक व्हा.

🌼 पूजा मातीच्या किंवा चंदनाने काढलेल्या नागाची करा. जिवंत सापाला दूध पाजू नका. दूध हे त्याचं अन्न नाही, त्याला ते बाधतं. साप पकडून दारोदार फिरवणाऱ्याला पैसे देऊ नका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, त्याने हे बंद केलेलं आहे.

🌼 पावसात बिळांत पाणी शिरतं, साप घराकडे येतो. काठी उगारू नका. मुलांना दूर करा, वन खात्याला किंवा सर्पमित्राला बोलवा. तो आहे म्हणून भातातले उंदीर आटोक्यात आहेत.

🌼 आणि कोणाला साप चावलाच तर मंत्र-तंत्र, झाडपाला, जखम कापणं, घट्ट दोरी आवळणं, ह्यात एक क्षणही घालवू नका. त्या माणसाला धीर द्या, चालवू नका, चावलेला भाग हलू देऊ नका, १०८ ला फोन करा आणि थेट इस्पितळात न्या. विषावरची लस तिथेच मिळते. नामस्मरण गाडीत बसून करा. सद्गुरू वाट दाखवतात, पण पाय आपणच उचलायचे असतात.

नागपंचमी झाली की थोड्याच दिवसांत वास्कोत सप्ताहाचा गजर सुरू होईल. साथीच्या काळात, माणसं माणसांना शिवायला घाबरत होती तेव्हा, ह्या गावाने दामोदराचं नाव घेत एकत्र उभं राहायचं ठरवलं, आणि ते चोवीस तासांचं भजन आजतागायत चाललंय. त्या रांगेत ओळखीचा, न बोलणारा चेहरा समोर आला, तर नजर चुकवू नका. नारळ देवाला वाहायचा, आणि राग? तोही तिथेच ठेवून यायचा.

चवथीला पेडणे-डिचोलीची मूळ घरं पुन्हा भरू देत. देवघरातला शेष आपल्याला बळ देवो, आई शांतादुर्गा आपल्या घरातल्या दोन्ही हातांना एकत्र धरून ठेवो, हीच सद्गुरूंच्या चरणी प्रार्थना.

हा संदेश आपल्या कुटुंबाच्या ग्रुपमध्ये मोठ्याने वाचून दाखवा. आणि ज्याला पाठवायला हात कचरतोय, त्याला आधी पाठवा.

॥ सर्वांचं कल्याण होवो, सर्वांचं मन निर्वैर होवो ॥

🙏 श्रीगुरुचरणी, आम्ही सर्व सेवेकरी, वास्को 🙏